कोसाडचं शांत घर

उधन्याला आमची खोली मागांच्या बरोबर वर होती. मागांच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्या खात्यात कारीगर होते, आणि शेठने कारीगरांच्या कुटुंबांसाठी वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोल्या काढून दिल्या होत्या. खालचे माग दिवसपाळी आणि रातपाळी अशा दोन्ही पाळ्यांत चालायचे, त्यामुळे आमची जमीन कायम थरथरत असायची. हंड्यातलं पाणी कधी स्थिर दिसायचं नाही. माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, मांडणीवरच्या ताटांच्या मध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे घालून ठेवायची, नाहीतर ती ताटं दिवसभर एकमेकांवर वाजत राहायची. दूध तापायला ठेवलं की पातेल्यावरची झाकणी आधीपासूनच नाचत असायची, त्यामुळे दूध उतू जातंय हे आवाजावरून कळायचं नाही, बघत बसावं लागायचं. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची. त्या दिवशी माग थांबायचे आणि ओळीतली तान्ही मुलं रडत उठायची. आमच्या मजल्यावर त्या दिवशी कोणाचंच डोकं ठिकाणावर नसायचं.

त्या आवाजात तोंडाने बोलण्यात अर्थ नव्हता. खात्यावरचे कारीगर हातांनी बोलायचे आणि ओठ मोठे करून शब्दांचा आकार दाखवायचे. सुताची कांडी हवी असेल तर त्याची खूण होती, मुकादम आला तर त्याची वेगळी, चहा आला तर वेगळी, आणि शेठच्या पोटाची एक खूण होती ती बायकांसमोर करायची नाही असा नियम होता. हे बोलणं जिन्याने वर आलं होतं. माय भाकरी थापता थापता मान वर करायची, ओठ हलवायची, पिठाचा हात एकदा फिरवायची, आणि दारात उभ्या नानांना कळायचं की मीठ संपलंय, येताना आणा, आणि तुमची बहीण परवा गावाकडून येतेय. नाना दाराच्या चौकटीला टेकून उत्तर द्यायचे. त्यांचे हात लांब होते, आणि बोलताना ते नक्कल करायचे. एकदा त्यांनी मुकादमाची नवी चप्पल मागाच्या तेलात कशी घसरली ते इतकं हुबेहूब दाखवलं की मायची भाकरी तव्यावर जळली. ते दोघं खूप बोलायचे. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही, कारण मी दुसरं कोणतं घर पाहिलं नव्हतं.

मायचं डोकं दुखायचं. कपाळाला पट्टीसारखा फडका घट्ट बांधून ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायची, शेंगदाण्याची चटणी वाटायची, दुपारी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची. स्वतःचं घर, जिथे आवाज नाही, ही तिचीच मागणी होती. ती मागणी तिने वर्षानुवर्षं लावून धरली. गावाकडचे पाहुणे यायचे, एक रात्र आमच्याकडे काढायचे आणि सकाळी डोळे चोळत म्हणायचे, अठे माणूस कसा झोपस? नानांना ते लागायचं. त्यांनी जादा पाळ्या केल्या, आणि शेवटी तापीच्या पलीकडे, अमरोलीच्या पुढे, कोसाडच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावरचं एक घर घेतलं. दोन खोल्या, ओटा, आत नळ, मागे गॅलरी. नाना किल्ली घेऊन आले त्या दिवशी मायने ती हातात धरून पाहिली आणि कपाळाला लावली. ती खूश होती. हे मी नोंदवून ठेवते, कारण पुढे अनेकांनी असं म्हटलं की तिला ते घर मनापासून नकोच होतं. तसं नव्हतं.

नव्या घरात पहिल्या रात्री आम्हाला कोणालाच झोप लागली नाही. त्यावर आम्ही हसलो. नाना म्हणाले, होईल सवय. सवय झाली, पण दुसरीच एक गोष्ट उघडी पडली. नानांना ऐकू येत नव्हतं. किती वर्षांपासून येत नव्हतं ते सांगता येणार नाही, कारण मागांच्या वर कोणालाच काही ऐकू येत नसे आणि त्यामुळे कोणी बहिरा ठरत नसे. शांत घरात ते पहिल्या आठवड्यात कळलं. माय स्वयंपाकघरातून म्हणाली, मीठ सरनं. नाना बाहेरच्या खोलीत पेपर पुढ्यात धरून बसले होते. तिने पुन्हा म्हटलं. मग ती ओरडली. नाना दचकले आणि तेही ओरडून म्हणाले, काय? दोनदा असं झालं आणि दारावर थाप पडली. समोरच्या ज्योत्स्नाबेन उभ्या होत्या, कडेवर मूल.

"शुं थयुं बेन? झगडो थयो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि नजर मायच्या गालावर, हातावर फिरत होती.

"नही नही बेन. मीठ," माय म्हणाली.

"मीठा माटे झगडो?"

दुसऱ्या दिवशी जिन्यात बायका बोलत होत्या की पहिल्या मजल्यावरचा मराठी माणूस मिठावरून बायकोच्या अंगावर ओरडतो. मायने ते ऐकलं. ती ऐकू शकत होती. तिच्या आणि मागांच्या मध्ये निदान एक फरशी होती. तिने संध्याकाळी नानांना ते हातांनी सांगायला सुरुवात केली. लगतच्या गॅलरीत ज्योत्स्नाबेनची मोठी मुलं उभी होती. त्यांनी मायचे हात पाहिले आणि तसेच हात करून एकमेकांना दाखवायला लागली, ओठ वेडेवाकडे करून. नानांनी ते पाहिलं. ते उठले, गॅलरीचं दार लावून घेतलं आणि मायला म्हणाले, "अठे हात हालाडू नको. लोक मुका समजतीन. खातानं खातामा."

खात्याचं ते खात्यात ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना ते घर खात्यासारखं व्हायला नको होतं. इतक्या पाळ्या त्यांनी त्यासाठीच केल्या होत्या. हात बंद झाले, आणि त्यांच्यासोबत मोठे करून हलवलेले ओठही. ओरडणं शक्य नव्हतं, कारण भिंती पातळ होत्या आणि जिना ऐकत होता. उरलं साधं बोलणं, ते नानांपर्यंत पोचत नव्हतं. त्यांनीही विचारणं सोडलं, कारण प्रत्येक 'काय?'ला मायचं तोंड कसं होतं ते त्यांना दिसत होतं. थोड्याच दिवसांत आमच्या घरात कोणी बोलेनासं झालं. नाना पहाटे बसने निघायचे, नदी ओलांडून उधन्याला जायचे, अंधार पडल्यावर परतायचे, जेवायचे, झोपायचे. गावाकडून कोणी आलं की ते घर दाखवायचे. नळ सोडून दाखवायचे, गॅलरी दाखवायचे, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायचे, "आते घरमा शांती शे. एक सबद नही."

ते खरंच समाधानी होते. मी हे उपरोधाने लिहीत नाही. पुढे मी वर्तमानपत्राच्या नोकरीत बरीच वर्षं काढली, आणि घरवाटपाची, पुलाची, पाणीयोजनेची जी बातमी टेबलावर यायची तिच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असायचं: रहिवाशांनी समाधान व्यक्त केले. ते वाक्य खोटं नसायचं. विचारलं की लोक तसंच म्हणतात. समाधान हा माणसाने आपल्या आयुष्यावर दिलेला निकाल असतो. तो देताना माणूस काय होतं आणि काय मिळालं ते बघतो. सकाळी डोळे उघडल्यावर आत काय वाटतं ही वेगळी बाब. या दोहोंचा एकमेकांना आधार असतो, आणि आधार सुटला की आधी काय पडेल ते सांगता येत नाही, असं एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला एका मुलाखतीत सांगितलं होतं. मायचा निकाल शेवटपर्यंत बदलला नाही. घर कसं आहे असं विचारलं की ती म्हणायची, चांगलं आहे. ते चांगलंच होतं. आणि ती त्यात संपत चालली होती.

आधी तिचं खाणं कमी झालं. डुबुकवड्या, डाळीचे फुनके, तिच्या हातचं जे जे होतं ते ती करायची आणि आम्हाला वाढून बाजूला बसायची. मग ती वेणी घालेनाशी झाली. दुपारी मी शाळेतून यायचे तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, डोळे उघडे. डोकं दुखतं का विचारलं तर म्हणायची, नाही, आता डोकं कधीच दुखत नाही. नाना तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही त्रास? नानांना प्रश्न ऐकू आला नाही, पण 'घर' एवढं त्यांनी डॉक्टरांच्या ओठांवरून वाचलं असावं. ते सरळ होऊन म्हणाले, "स्वतःचं आहे. कोसाडला." डॉक्टरांनी अशक्तपणावरची बाटली लिहून दिली. नानांनी बाटली आणली, मग मिक्सर आणला, मग आरशाचं कपाट आणलं. जे कमी असेल ते आणून ठेवायचं, एवढा एकच मार्ग त्यांना माहीत होता. प्रत्येक वस्तू आली की माय तिला हळदकुंकू लावायची आणि पुन्हा जाऊन पडायची.

घरभरणी राहून गेली होती. ती वैशाखात करायची ठरली, आंबे आल्यावर, म्हणजे रस आणि मांडे करता येतील. नानांची बहीण, आमची फुई, तापी लाइनच्या पॅसेंजरने बायकांचा एक घोळका घेऊन आली. मांडे गॅसवर होत नाहीत. इमारतीच्या मागे मोकळ्या जागेत विटांची चूल मांडली आणि फुईने गावाहून फडक्यात बांधून आणलेलं खापर तिच्यावर उपडं घातलं. मांड्यासाठी कणीक फार सैल भिजवतात, पुरण भरतात, आणि तो गोळा पोळपाटावर थोडा लाटून मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करतात, कोपरापर्यंत, इतका पातळ की खालचं कातडं दिसावं, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकतात. आमच्या गावात मायचे मांडे नावाजलेले होते. लग्नघरी तिला बोलावणं यायचं. फुई कितीही टोचून बोलत असली तरी खापरापुढची जागा तिने मायलाच दिली.

मायने पहिला मांडा हातावर घेतला आणि फिरवला. तो मोठा झाला, टाकण्याइतका झाला, आणि ती फिरवतच राहिली. तो मधोमध फाटला, पुरण तिच्या मनगटावरून खाली गेलं. "हात आखडनात का वं?" फुई म्हणाली, बायका हसल्या. "सुरतनी शेठानी व्हयी गई, आते तिले मांडा कोठून येतीन," दुसरी एक म्हणाली. मायने दुसरा घेतला. तोही तिने फाटेपर्यंत ताणला. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. खापर तापून पांढरं पडलं होतं आणि माय हातावर फाटकी कणीक घेऊन उभी होती, कोणाकडेही न बघता. नाना पाहुण्यांना पाण्याचे पेले देत होते. तिने त्यांच्याकडे तोंड केलं आणि साध्या आवाजात म्हणाली, "माले परत तठे लई चला."

नाना हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "काय म्हनस ती?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. कानाशी सांगणं म्हणजे ओरडणंच होतं. मायला परत उधन्याच्या खोलीवर जायचंय, हे वाक्य मागच्या अंगणात, वरच्या गॅलऱ्यांत, सगळीकडे गेलं. ज्योत्स्नाबेन वरून वाकून बघत होत्या. नानांच्या हातातला पेला तसाच राहिला. फुई पदर खोचत पुढे झाली आणि तिने तो प्रश्न विचारला जो तिथे प्रत्येकाच्या मनात होता: "तुले काय कमी शे वं?" नळ होता, गॅलरी होती, कपाट होतं, दारू न पिणारा नवरा होता. नाना मोठ्याने म्हणाले, "थकनी ती, थकनी." उरलेले मांडे फुईने केले. ते जाड झाले. रस चांगला होता.

त्या रात्री फुईने नानांच्या समोर बसून आपला निर्णय मोठ्याने सांगितला. मायला काही दिवस गावाकडे घेऊन जायचं, भगताला दाखवायचं, आणि नाही सुधारली तर तिच्या भावाकडे पोचवून यायचं. पोरीचं आणि घराचं मी बघेन. नाना ऐकत होते की नाही कळत नव्हतं. फुई थांबल्यावर ते म्हणाले, "एकदाव दखाडी लयस." त्यांचं म्हणणं असं होतं की मायला उधन्याची खरी आठवण राहिलेली नाही. तो धूर, ती उष्णता, तो आवाज पुन्हा एकदा बघितला की तिच्या डोक्यातलं ते जाईल आणि ती आपल्या घरी नीट राहील. नाही गेलं तर मग तू म्हणशील तसं. फुई म्हणाली, बघ, तुझी बाई आहे.

नानांनी एका पाळीची रजा काढली आणि आम्ही तिघं बसने उधन्याला गेलो. मायने वेणी घातली होती. खात्याच्या दारातच आवाज अंगावर आला आणि पायाखालची जमीन थरथरू लागली. जुने कारीगर मागांवरून हात करत होते. आमच्या खोलीत आता ओडिशाकडचं एक कुटुंब राहत होतं. ती बाई तरुण होती, तिला आमची भाषा येत नव्हती, पण माय दारातून मांडणीकडे, खिडकीकडे बघतेय म्हटल्यावर तिला समजलं असावं. तिने चहा ठेवला. पातेल्यावरची झाकणी नाचायला लागली. तिची खोली होती, तिचा संसार मांडलेला होता. परत यायला तिथे जागा नव्हती, हे दारातूनच दिसत होतं. आम्ही बाहेर जिन्याच्या कठड्याशी चहाचे पेले घेऊन उभे राहिलो.

नाना धूर दाखवणार होते, आवाज दाखवणार होते. त्यांनी कठड्यावर पेला ठेवला आणि त्यांचे हात सुरू झाले. मला वाटत नाही की त्यांनी ते ठरवून केलं. खाली मुकादम जात होता. त्यांनी त्याचं वाढलेलं पोट दाखवलं, त्याची नवी चाल दाखवली. माय हसली. मग तिचे हात आले. पहिल्यांदा कमरेशी, मग वर. ज्योत्स्नाबेन, मुलं, मीठ, जाड मांडे, फुई कशी पदर खोचते. नाना कठडा धरून हसत होते. चहा निवला. त्या काही मिनिटांत ते दोघं जितकं बोलले तितकं कोसाडला आल्यापासून बोलले नव्हते, आणि मला सगळं वाचता येत होतं.

मग नानांनी हनुवटी उचलून तळहात उलटा केला. कशी आहेस, असं ते होतं. हे कोणी विचारलं की माय तोंडाने नेहमी 'बरी शे' म्हणायची. तिने दोन मुठी एकमेकींभोवती फिरवल्या आणि उघडून रिकामे तळवे दाखवले. ही खात्यातली रोजची खूण. बीम संपला, असा तिचा अर्थ. म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत शेवटपर्यंत विणून झालं, आता चालवायला काही उरलं नाही, माग बंद करा. नानांनी ती कारीगर वाचतो तशी वाचली आणि कारीगर देतो तेच उत्तर दिलं: खांद्यावरून ओझं उतरवल्यासारखे दोन्ही हात. नवा बीम लावू. मायने नाही अशी मान हलवली. तिने पुन्हा मुठी फिरवल्या, पुन्हा तळवे उघडले आणि एक तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. नानांचे हात हवेत होते. ते हळूहळू खाली आले. त्यांनी सगळे पेले उचलून आत नेऊन दिले आणि आम्ही बस पकडायला निघालो.

फुईला नानांनी दुसऱ्या दिवशी मायला न देताच परत पाठवलं. भगताचं पुन्हा नाव निघालं नाही. यापुढे हिला काय कमी आहे असं कोणी विचारायचं नाही, असं त्यांनी तिला गाडीत बसवताना फलाटावर इतक्या मोठ्याने सांगितलं की लोक वळून बघायला लागले. नानांनी त्यानंतर कोणाला घर दाखवलं नाही आणि घरातल्या शांततेचं कौतुकही केलं नाही. माय त्या घरात शेवटपर्यंत राहिली. अशा आजाराला नाव असतं, औषध असतं, हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि तेव्हाच्या कोसाडमध्ये ते कळणारं दुसरंही कोणी नव्हतं.

उधन्याहून आल्यानंतरची एक संध्याकाळ. नाना पाळीवरून आले, हातपाय धुतले, आणि त्यांनी गॅलरीचं दार लावलं, खिडकी लावली, पडदा ओढला. मग ते स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांनी हात वर केले आणि मायला विचारलं, जेवलीस का? घरात काही वाजत नव्हतं. ते लांब हात त्या खोलीत फार मोठे दिसत होते. मायने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने आपले हात पदराखाली घेतले, गॅसकडे तोंड वळवलं आणि 'हो' म्हणाली. नानांना ते ऐकू आलं नाही. ते हात तसेच धरून उत्तराची वाट बघत उभे होते.